रंगरावांची सरपंच

मैनाबाई लिपाणे मला आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे मी त्यांची बाजू घेतल्यासारखं वाटलं तर तो माझा नाइलाज समजावा. त्यांनी आमचं दुकान बंद केलं, माझ्या वडिलांना गावात तोंड दाखवायची चोरी केली आणि माझ्या आईवडिलांमध्ये एक संशय सोडून दिला. तो अजून घरात फिरतो आहे.

आमचं गाव बोरजाईवाडी. कात्रजच्या पुढे, डोंगराला टेकून. आता ते पुणे महापालिकेत आहे. मी लहान होते तेव्हा तिथे ग्रामपंचायत होती, आणि ग्रामपंचायत म्हणजे माझे वडील, रंगराव खुटवड. ते स्वतः कधी सरपंच झाले नाहीत. सरपंच कोण, हे ते ठरवत. गावाच्या तोंडाशी आमचं देशी दारूचं सरकारमान्य दुकान होतं. वडिलांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. संध्याकाळी गल्ल्यावर बसून ते पेलाभर दूध प्यायचे आणि गावातले निम्मे पुरुष त्यांच्यासमोर रांगेत उभे असायचे. कोणाच्या घरात काय चाललंय, कोण कोणाच्या बाजूचा आहे, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या कळायचं. निवडणुकीसाठी वेगळं हिंडावं लागत नसे.

दुकानाबाहेर, आमच्याच भिंतीला लावून, मैनाबाईंची गाडी असायची. उकडलेली अंडी, भुर्जी, तिखटमीठ लावलेले शेंगदाणे. वेल्ह्याकडून लग्न होऊन आलेली, उंच, रुंद हाडाची बाई. त्यांचे यजमान माऊली दुधाच्या टेम्पोवर होते. सकाळी गावातलं दूध कात्रजला पोचवायचं आणि उरलेला दिवस गप्प बसायचं, एवढंच ते करत. ते पीत नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या सोसायटीतल्या बायका हल्ली मैनाबाईंची गोष्ट सांगतात तेव्हा त्यात दारुडा नवरा असतोच. तसं काही नव्हतं. त्यांचं घर दारूने मोडलं नव्हतं, दारूवर चाललं होतं. दंगा करणाऱ्या गिऱ्हाइकाची कॉलर धरायला त्यांना दुसरा माणूस लागत नसे.

तेव्हा वाशीमकडून कामाला आलेलं एक कुटुंब गावात होतं. नवरा गवंडी. त्याची बायको रोज संध्याकाळी कडेवर मूल घेऊन रस्त्यापलीकडे उभी राहायची, तो उठेपर्यंत. मैनाबाई तिला हाकलायच्या. गिऱ्हाईक बिचकतं म्हणायच्या. एका संध्याकाळी ती रस्ता ओलांडून आली आणि तिने सगळ्यांसमोर मैनाबाईंच्या थोबाडीत मारली.

"तू खाऊ घालतेस म्हणून तो उठत नाही," ती म्हणाली.

मैनाबाईंनी तिला उलट दोन लगावल्या. मूल रडायला लागलं. गवंडी तिथेच बसून अंडं सोलत होता. वडिलांनी गल्ल्यावरून उठून दोघींना वेगळं केलं. पुढे ते कुटुंब दुसऱ्या साइटवर गेलं आणि मैनाबाईंची गाडी नेहमीसारखी लागत राहिली. त्यांना पश्चात्ताप वगैरे झालेला कोणी पाहिला नाही.

त्याच सुमारास सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं. वडिलांना प्रश्न पडला. आईला उभं केलं असतं, पण दारूच्या दुकानदाराची बायको सरपंच म्हणजे विरोधकांना आयतं कोलीत. भावकीतली उभी केली तर तिचा नवरा डोक्यावर बसणार. तेव्हा त्यांची नजर भिंतीकडे गेली.

"मैना आपल्या भिंतीला हाय," ते आईला म्हणाले. "भिंत सोडून कुठं जाती?"

आई म्हणाली, "तिला विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात."

मैनाबाईंनी आढेवेढे घेतले. मला त्यातलं काय कळतंय म्हणाल्या. वडील म्हणाले, कळावं लागत नाही, सही आली म्हणजे झालं. त्या निवडून आल्या. त्यांच्या मागे अकरा सदस्यांपैकी नऊ वडिलांचे होते. लोक त्यांना 'रंगरावांची सरपंच' म्हणत, आणि त्या ते ऐकून घेत. पहिले काही महिने ग्रामसेवक कागद घेऊन आधी आमच्याकडे यायचा आणि मग सहीला तिकडे जायचा.

मग एक दिवस भिंतीशी गाडी दिसली नाही. वडिलांनी बोलावणं धाडलं. त्या आल्या, पण दारातच उभ्या राहिल्या.

"गाडी कुठाय?"

"मोडली. चाकं भंगारात दिली."

"का?"

"सरपंचाच्या हातचं अंडं खाताना लोकं लाजत्यात."

वडील हसले. त्यांना ते पटलं. पुढच्या ग्रामसभेत, झेंडावंदन झाल्यावर, मैनाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की गावातलं दारूचं दुकान उठवायचं आहे, बायकांनी सह्या कराव्यात. वडील पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. शेजारच्या माणसाने नंतर सांगितलं की त्यांनी नुसती चप्पल पायात सरकवली आणि निघून गेले.

मैनाबाईंनी हे का केलं, यावर गावात खूप बोलणं झालं. वडील म्हणत, तिला आपल्याला खाली खेचायचं होतं, खुर्ची मिळाली की माणूस असाच उलटतो. काहींना गवंड्याच्या बायकोने मारलेली ती थोबाडीत आठवली. मैनाबाईंनी कधी कोणाला कारण सांगितलं नाही. कोणी विचारलं तर, "सही करायची का न्हाई ते सांग," एवढंच.

सह्या पुरेशा जमल्या, सरकारी पडताळणी झाली आणि मतदानाची तारीख लागली. अशा मतदानात कागदावर दोन चित्रं असतात. एक बाटली उभी, एक आडवी. दुकान हवं असेल तर उभीवर शिक्का, नको असेल तर आडवीवर. फक्त बायका मत देतात. पण नुसतं जास्त मतं पडून भागत नाही. यादीत जितक्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त बायकांनी बाटली आडवी केली तरच दुकान बंद होतं. जी आलीच नाही, तिचं मत उभ्या बाटलीला गेल्यासारखंच.

वडिलांना हा नियम फार आवडला. त्यांनी कोणालाही धमकावलं नाही. मतदानाच्या दिवशी त्यांनी बायकांसाठी जेजुरीची सहल काढली. दोन गाड्या, जेवण, आणि प्रत्येकीला साडी. कधी माहेराखेरीज घराबाहेर न पडलेल्या बायका पहाटेच आवरून बसल्या. साड्या वाटायचं काम आईकडे, सरोजिनी खुटवडकडे, होतं. आईबरोबर मीही होते, खिडकीची जागा धरून.

गाडी सुटायच्या बेताला मैनाबाई चढल्या.

आई म्हणाली, "तुम्ही कुठे?"

"खंडोबाला. माझा न्हाई का देव?"

"शाळेत मतदान आहे ना तुमचं?"

"पाचपर्यंत हाय." त्यांनी हात पुढे केला. "माझी साडी?"

आईने दिली. काय करणार. जेजुरीला मैनाबाई सगळ्यांबरोबर पायऱ्या चढल्या, त्यांनी भंडारा उधळला आणि पंगतीत बसून त्या व्यवस्थित जेवल्या. बायका निर्धास्त झाल्या. पुढे मोरगावला जायचं, बाजार बघायचा, अंधार पडल्यावर घरी, असं ठरलेलं होतं. जेवणं झाल्यावर मैनाबाई पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ गेल्या. त्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं, कारण मी त्याच्या मागेच बसले होते.

"तुझ्या गाडीचं पासिंग संपलंय. म्या सरपंच हाय. चौकीत फोन लावू, का गाडी गावाकडं वळवतोस?"

पासिंग खरंच संपलं होतं की नाही, देव जाणे. तो वळला. दुसरी गाडी त्याच्या मागे आली. बायका चिडल्या. मोरगाव राहिलं, बाजार राहिला. एक म्हातारी म्हणाली, "आयुष्यात एकदा बाहेर पडले, तेबी तुला बघवलं न्हाई." मैनाबाई गाडीच्या मधल्या वाटेत उभ्या राहिल्या. वळणांवर वरचा दांडा धरून त्या बोलत होत्या, आणि त्यांचं ते बोलणं मला चांगलं आठवतं, कारण त्यात गोड असं काहीच नव्हतं.

"शाळेम्होरं गाडी थांबल. जी उतरणार न्हाई तिचं तोंड म्या लक्षात ठेवीन. घरकुलाची यादी माझ्याकडं हाय. नळाची सही माझ्याकडं हाय. रंगरावनं साडी दिली, ती नेसा. मत आत एकटीनंच द्यायचंय, तिथं ना तो हाय ना मी."

आता कोणी ही गोष्ट सांगताना घरकुलाचा उल्लेख करत नाही. मी करते. त्या बायका जागृत होऊन उतरल्या नाहीत, घाबरून उतरल्या. रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली. आईही रांगेत उभी राहिली. दुकानदाराची बायको मागे राहिली असती तर तेही दिसलंच असतं. मला तिने पिशवी धरायला सांगितली आणि आत गेली.

बाटली सात मतांनी आडवी झाली.

वडिलांनी त्या संध्याकाळी आईला विचारलं, "तुझं कुठं पडलं?"

आई पोळ्या लाटत होती. "गुप्त मतदान असतं," ती म्हणाली.

तिने पुढेही कधी दुसरं उत्तर दिलं नाही. वडील महिनोन् महिने त्या सात बायका शोधत होते. कधी या भावजयीचं नाव घ्यायचे, कधी त्या सुनेचं, आणि मग बोलता बोलता आईकडे पाहून थांबायचे. आमच्या घरात त्यानंतर भांडण असं झालं नाही. बोलणं कमी झालं.

दुकानाला सील लागलं. माझं इंग्रजी शाळेतून नाव काढलं आणि मी गावातल्या शाळेत, त्याच फाटकातून जाऊ लागले. मुली मला 'उभी बाटली' म्हणत. पुढे वडिलांनी रस्त्यालगतची जमीन बिल्डरला दिली. त्यात आम्हाला नव्या इमारतीत फ्लॅट मिळाले. दुकान चालू राहिलं असतं तर वडिलांनी ती जमीन कधीच सोडली नसती, हे मला आता कळतं. पण त्याबद्दल मैनाबाईंचे आभार मानावेत असं आमच्या घरात कोणाला वाटलेलं नाही.

दारू गेली आणि मैनाबाई राहिल्या. आता त्यांना कोणाला विचारायची गरज नव्हती. पंचायतीच्या कार्यालयाला त्या स्वतः कुलूप लावत आणि स्वतः उघडत. ग्रामसेवक किल्लीसाठी त्यांच्या ओट्यावर बसून राहायचा. जिने त्यांच्यासाठी सह्या गोळा केल्या होत्या, तिच्याच आळीचं पाणी त्यांनी आठवडाभर बंद ठेवलं, कारण तिचा दीर चोरून हातभट्टी आणतो असं त्यांना कळलं. दीर दुसऱ्या आळीत राहायचा. एका सदस्याच्या घरकुलाचा प्रस्ताव त्यांनी फाडला, तोही त्याच्यासमोर. माऊलींना टेम्पोवर असताना रोज कोणीतरी टोमणे मारायचं. शेवटी ते उठले आणि सासवडला मुलीकडे राहायला गेले. ते जाताना भांडले नाहीत. "हिच्या तोंडापुढं आपलं काय चालत न्हाई," एवढंच सांगून गेले.

वडिलांना फार काही करावं लागलं नाही. अविश्वास ठरावासाठी अकरातले नऊ हात लागत होते. एकेकाळी त्यांचे नऊ होतेच. त्यातले निम्मे दारूबंदीच्या वेळी मैनाबाईंकडे गेले होते, ते मैनाबाईंनीच परत पाठवले.

तहसीलदार आले. कार्यालयात जागा पुरेना म्हणून लोक खिडक्यांना लटकले. ठराव वाचला गेला. मनमानी कारभार, सदस्यांना विश्वासात न घेणे वगैरे. हात वर करायला सांगितलं. नऊ वर आले. त्यात दोन बाया अशा होत्या, ज्या जेजुरीहून येताना मैनाबाईंच्या शेजारी उभ्या होत्या.

तहसीलदार म्हणाले, "घ्या खाली."

"खाली घेऊ नका," मैनाबाई म्हणाल्या. "मला तोंडं बघू द्या."

मैनाबाईंनी खुर्चीतूनच एकेकाकडे पाहिलं, अगदी सावकाश. काहींचे हात भरून आले तरी खाली घ्यायची हिंमत होईना. मग त्या उठल्या आणि दारातून बाहेर पडल्या. वडील बाहेर ओट्यावर बसले होते. त्यांच्यासमोरून जाताना मैनाबाई म्हणाल्या, "झालं तुमचं समाधान?"

"भिंत सोडून गेलीस, म्हणून ही वेळ आली," वडील म्हणाले.

त्यानंतर दोघे एकमेकांशी अनेक वर्षं बोलले नाहीत. वडिलांनी दुसरी सरपंच बसवली, मग तिसरा. आणि मग गावच राहिलं नाही. महापालिकेत गेलं. पंचायतीच्या पाटीवर पांढरा रंग मारला. वडिलांनी ठरवण्यासारखं काही उरलं नाही आणि मैनाबाईंनी भांडावं असं कार्यालयही नाही. निवडणुका पुढे पुढे जात राहिल्या. नगरसेवक नाही, सगळं अधिकाऱ्यांच्या हाती. मैनाबाई क्षेत्रीय कार्यालयात जाऊन टँकरसाठी, कचऱ्यासाठी, दिव्यासाठी आवाज चढवायच्या. तिथले लोक एकमेकांना डोळा मारून म्हणायचे, "आल्या सरपंचबाई."

आमच्या इमारतीला लागून दुकानांचं संकुल झालं आणि त्यात तळमजल्यावर बार उघडला. काचेचा, आत पिवळे दिवे, मेन्यूकार्डवर मराठी एक अक्षर नाही. मैनाबाई पुन्हा सह्या मागायला निघाल्या. त्यांना सांगण्यात आलं की आता गाव नाही, प्रभाग आहे. हजारो बायका यादीत, त्यातल्या चौथ्या हिश्श्याच्या सह्या आणा. सोसायटीत त्या फिरल्या. एका बाईने दार अर्धवट उघडून सांगितलं, "मावशी, हे मॉरल पोलिसिंग झालं." मैनाबाईंनी तिला विचारलं, "पोलीस कुठं हायेत?"

मी एका आयटी कंपनीत नोकरी करते. शुक्रवारी आमची टीम त्याच बारमध्ये बसते, आणि मी बिअर पिते. दुसऱ्यांनी सांगण्याआधी हेही मीच सांगते. अशाच एका शुक्रवारची गोष्ट. महापालिकेची निवडणूक जाहीर झालेली होती आणि मैनाबाई अपक्ष उभ्या होत्या. हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन त्या बारमध्ये शिरल्या आणि टेबलाटेबलावर पत्रक ठेवू लागल्या. आमच्या टेबलाशी थांबल्या.

"रंगरावची पोर ना तू?"

"हो."

"बापानं गावाला पाजली. आता पोर पिती."

माझ्या टीममधला आमोद मान खाली घालून हसला. मला राग आला.

"माझ्या बापाने पाजली, आणि तुम्ही चकणा दिलात," मी म्हणाले. "वीस वर्षं घर चाललं तुमचं त्यावर. मग एकदम काय झालं होतं हो काकी? तेवढं तरी सांगा."

"तुला कशापायी सांगू?"

"मत मागायला आलात ना?"

"तुझं मागितलं न्हाई."

मॅनेजर धावत आला. त्याने आधी हिंदीत विनवलं, मग त्यांचा दंड धरला. मैनाबाईंनी हात झटकला, पत्रकं खाली सांडली. तो मला म्हणाला, "मॅडम, ये कौन है? आप जानते हो?"

"दंड सोडा त्यांचा," मी म्हणाले. "आमच्या गावच्या सरपंच आहेत."

'होत्या' म्हणायला हवं होतं. तोंडातून 'आहेत' गेलं. मैनाबाईंनी खाली वाकून पत्रकं गोळा केली. मी एक उचलून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"तुझी साक्ष नको मला," त्या म्हणाल्या आणि चालत्या झाल्या.

निवडणुकीत त्या पडल्या. अनामत गेली. नव्या सोसायट्यांत त्यांना मतं मिळणार नव्हतीच, पण जुन्या गावठाणातही मिळाली नाहीत. तिथे कोणाला बंद केलेलं पाणी आठवलं, कोणाला फाडलेला प्रस्ताव. वडील मतदानाला व्हीलचेअरवरून गेले होते, निव्वळ त्यांच्या विरोधात बटण दाबायला. निकालाच्या दिवशी त्यांनी जिलेबी मागवली. डॉक्टरांनी गोड बंद केलेलं आहे. आईने वाटीत दोन वेढे दिले.

निकालानंतर बारने वर गच्चीही सुरू केली. शनिवार-रविवार गाणी लागतात. वडिलांच्या खोलीची खिडकी नेमकी त्या बाजूला. त्यांना झोप लागत नाही, मग दिवसभर चिडचिड. ते कानात कापसाचे बोळे घालतात आणि काढायला विसरतात. मी सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा लिहिलं, कोणी दाद दिली नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी बेल वाजली. दारात मैनाबाई. आमच्या या घरात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. आत या म्हणेपर्यंत त्या आत आल्या होत्या. वडील सोफ्यावर होते.

"रंगराव," त्या म्हणाल्या, "त्या गच्चीवर म्या तक्रार टाकलीय. तुमची खिडकी सगळ्यात जवळ हाय. तुमचा जबाब लागतोय."

वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं. "कसला जबाब?"

"आवाजाचा."

"मला कुठं आवाज येतो."

"कानात काय हाय ते?"

"सर्दी हाय."

मैनाबाई माझ्याकडे वळल्या. माझीही झोप मोडते. रविवारी मी डोक्यावर उशी घेऊन पडते. त्यांनी कागद पुढे केला असता तर, मला वाटतं, मी केली असती सही. त्यांनी कागद पुढे केला नाही, नुसतं पाहिलं, आणि मी म्हणाले, "आम्हाला काही त्रास नाही."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. "चहा ठेवते," ती म्हणाली.

"नको," मैनाबाई म्हणाल्या.

त्या बाहेर पडल्या. लिफ्टसाठी थांबल्या नाहीत, जिन्याने वर गेल्या. वरच्या मजल्यावर बेल वाजलेली ऐकू आली, मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

"दार लाव," वडील म्हणाले.